लाँग वीकेंडला श्रॉपशायर : स्टोक्सीचा सातशे वर्षं जुना वाडा

शुक्रवार

आई-बाबा इकडे आले की पहिला आठवडा लंडनमध्ये जातो, तसा यंदाही गेला. टॉवर झाला, विंडसर झालं, हॅम्प्टन कोर्ट झालं, आणि तिसऱ्या राजवाड्यानंतर बाबा म्हणाले, "अगं ही सगळी राजाची घरं झाली, जरा खात्यापित्या माणसाचं घर दाखव की. व्यापारी, जमीनदार वगैरे कसे राहायचे ते बघू." बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, कुठल्याही इमारतीत शिरले की आधी छत बघतात, मग भिंतीवर टकटक करतात, आणि मग माणसांकडे वळतात. त्यांच्या डोक्यात काय आहे ते माझ्या लगेच लक्षात आलं. इंग्लंडमध्ये अशी मध्ययुगीन मॅनर हाऊसेस, म्हणजे जमीनदारांचे वाडे, बरीच आहेत पण बहुतेकांवर नंतरच्या मालकांनी इतके मजले आणि खिडक्या चढवल्यात की मूळ घर शोधावं लागतं. श्रॉपशायर परगण्यातलं स्टोक्सी त्यातलं नाही. नावात कॅसल आहे पण मुळात ते तटबंदी केलेलं राहतं घर, तेराव्या शतकातल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याचं.

तर बँक हॉलिडेचा, म्हणजे सोमवारी सरकारी सुट्टी जोडून आलेला, वीकेंड गाठून कॉव्हेंट्रीहून निघालो. आई, बाबा, नवरा, लेक, मी, आणि डिकीत तिखट-मिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि आईच्या हट्टापायी एक अख्खा प्रेशर कुकर, तो कशाला ते तिलाच ठाऊक. किडरमिन्स्टर सोडलं की रस्ता लहान होत जातो आणि क्ली हिलवर चढलात की एकदम सगळं उघडं होतं, समोर वेल्सच्या दिशेने डोंगरांच्या रांगा आणि रस्त्यावर खुशाल फिरणाऱ्या मेंढ्या. अक्षरशः रस्त्याच्या मधोमध. नवऱ्याने हॉर्न दिला तर एकीने नुसतं वळून बघितलं. वैताग येतो, पण पुढचे दिवस जे काही बघितलं ते सगळं या मेंढ्यांच्याच जिवावर उभं राहिलेलं आहे. या भागातल्या लोकरीला मध्ययुगात युरोपभर मागणी होती, ती लंडनमार्गे फ्लँडर्सपर्यंत जायची, आणि मधले व्यापारी गब्बर व्हायचे.

मुक्काम लडलोला. गाव चिमुकलं पण देखणं, जवळजवळ पाचशे इमारती सरकारी वारसा यादीत, त्यामुळे कुठेही मान वर केली की काळं लाकूड आणि पांढरा गिलावा. कॅसल स्क्वेअरमधला बाजार आवरत आला होता, आईने तिथून गाजरं आणि चीज घेतलं, आणि आम्ही समोरच्या किल्ल्यात शिरलो.

लडलोचा किल्ला खरा किल्ला, अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी वेल्सच्या सीमेवर वचक ठेवायला बांधलेला, आता पडका. आत एक गोल चॅपल आहे, गोल म्हणजे खरंच गोल, ते बघाच. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर इथेच १५०२ मध्ये वारला, पंधरा वर्षांचा पोरगा, लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. तो जगता तर हेन्री राजाच झाला नसता, मग सहा बायका आणि पुढचं सगळं महाभारत राहूनच गेलं असतं.

पण मला खरी गंमत मालकीची वाटली. हा किल्ला १८११ मध्ये सरकारकडून विकत घेतला अर्ल ऑफ पोविसने, आणि हा अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाईव्हचा मुलगा एडवर्ड. प्लासीवाला क्लाईव्ह याच श्रॉपशायरचा. बाबांची नोकरीतली काही वर्षं देवगडला गेलीत, त्यांना हे सांगितल्यावर ते जागच्या जागी थांबले आणि म्हणाले, "म्हणजे विजयदुर्गवाला!" बरोबर आहे, प्लासीच्या आदल्या वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, वॉटसनचं आरमार आणि क्लाईव्हचं सैन्य यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, इंग्रज त्याला घेरिया म्हणायचे. आणि पेशव्यांनीच इंग्रजांना हाताशी धरलं होतं हेही विसरायचं नाही. यावर बाबांचं आणि नवऱ्याचं रात्रीपर्यंत चाललं, पेशव्यांचं चुकलं की आंग्र्यांचं. लेक कंटाळून झोपली.

शनिवार

सकाळी पाऊस. इथे पाऊस म्हणजे आपला धो धो नाही, पिरपिर, छत्री उघडावी तर थांबतो, मिटावी तर सुरू. लडलोहून स्टोक्सी गाडीने पंधरा मिनिटं, रस्ता ए४९. उजव्या-डाव्या हाताला कुरणं, मग एका वळणावर ती पिवळट इमारत दिसते आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी दोन-तीन वेगवेगळी घरं शेजारी शेजारी ठेवून दिलीत. मध्ये लांब हॉल, एका टोकाला दगडी मनोरा, दुसऱ्या टोकाला वरचा मजला पुढे आलेला लाकडी डोक्याचा मनोरा, आणि समोर हळदीसारख्या रंगाचं गेटहाऊस जे थोडं कललेलंच वाटतं.

गेटहाऊस आहे नंतरचं, साधारण १६४०-४१ चं. संरक्षणाला त्याचा काडीचा उपयोग नाही, निव्वळ मिरवायला बांधलेलं. दारावरचं कोरीवकाम जवळून बघा, ॲडम आणि ईव्ह आहेत, साप आहे, ड्रॅगन आहेत. ईव्हच्या अंगावर काही नाही हे लेकीच्या आधी आईच्या लक्षात आलं आणि ती घाईघाईने पुढे गेली.

आत मोठं अंगण. उजवीकडे-डावीकडे पूर्वी तटाची उंच भिंत होती आणि अंगणात वेगळं स्वयंपाकघरही होतं, ते आता नाही. भिंत जाण्याचं कारण मजेशीर आहे. १६४५ मध्ये यादवी युद्धात संसदेचं सैन्य आलं, इथल्या राजाच्या बाजूच्या शिबंदीने जरा घासाघीस केली आणि न लढता किल्ली दिली. नंतर हुकूम सुटला की हे ठिकाण लढाईला निकामी करा. करणाऱ्यांनी तटाची भिंत उतरवली आणि काम झालं म्हणून कळवलं, घराला हात लावला नाही. इतर किती वाडे त्या काळात सुरुंग लावून उडवले गेले, त्या मानाने हे फारच स्वस्तात सुटलं.

मग हॉल. दार उघडून आत गेलात की काही नाही. खरंच काही नाही. ना टेबल, ना गालिचा, ना शिरस्त्राण घातलेले पुतळे. सोळा-साडेसोळा मीटर लांब आणि नऊ मीटरच्या वर रुंद अशी एक रिकामी खोली, दोन्ही बाजूंना उंच टोकदार कमानीच्या खिडक्या, आणि वर छत. बाबांनी मान वर केली आणि पुढची वीस मिनिटं खाली केली नाही. तीन प्रचंड लाकडी कमानी, ओकच्या, अख्खं छप्पर त्यांनी पेललंय आणि मध्ये एकही खांब नाही. तेराव्या शतकात! कमानींचे पाय पूर्वी थेट जमिनीपर्यंत यायचे, खालचं लाकूड खराब झालं म्हणून एकोणिसाव्या शतकात ते कापून खाली दगडी आधार दिले, तो सांधा दिसतो. बाबांनी तो लगेच पकडला, "हे बघ, दुरुस्ती केलीय पण लपवली नाहीये. आमच्याकडे असतं तर वर गिलावा थापून रंग दिला असता." तिथल्या स्वयंसेवक आजोबांना मी हे इंग्रजीत सांगितलं, ते इतके खूश झाले की पुढचा अर्धा तास आम्हालाच चिकटले. त्यांनी सांगितलं की लाकडातली वर्तुळं मोजून ही झाडं केव्हा तोडली ते काढलंय, १२८० च्या दशकातला काळ येतो.

चूल हॉलच्या मधोमध जमिनीवर असायची, धुराडं नाही, धूर आपला वर जाऊन छपराच्या फटींतून निघून जायचा. खिडक्यांच्या फक्त वरच्या भागाला काच, खाली लाकडी झडपा. म्हणजे थंडीत झडपा लावल्या की आत अंधार आणि धूर, उघडल्या की उजेड आणि गारठा. श्रीमंत माणसाच्या घरी ही तऱ्हा. "मग श्रीमंत होऊन काय उपयोग," हे आईचं मत.

हॉलच्या टोकाला वर जाणारा लाकडी जिना आहे आणि मला विचाराल तर स्टोक्सीला जायचं ते या जिन्यासाठी. पायऱ्या फळ्यांच्या नाहीतच. झाडाचं खोड घ्यायचं, ते कापून प्रत्येक पायरी एक अख्खा ठोकळा, आणि ते ठोकळे भिंतीतून वर चढत गेलेले. मधोमध झिजून उथळ खळगे झालेत, कडा मात्र अजून बऱ्यापैकी धारदार, बोट फिरवलं तर लाकडाचा ताशीव खरखरीतपणा लागतो. सातशे वर्षांपूर्वीच्या सुताराच्या कामावर तुम्ही सरळ बूट घालून चढता आणि कुणी ओरडत नाही. बाबांनी बूट काढायला सुरुवात केली होती, आजोबांनी हसून नको म्हटलं.

जिन्याने वर उत्तरेकडच्या मनोऱ्यात जाता येतं, तिथे जुन्या फरशा आहेत आणि जुनी शेकोटीची जागा. तिथून परत खाली, आणि आता सोलार बघायला बाहेर पडायचं. सोलार म्हणजे मालकाची खाजगी खोली, बैठक म्हणा. आणि तिथे जायचा जिना घराच्या बाहेरून! म्हणजे साहेब हॉलमध्ये सगळ्यांबरोबर जेवणार, मग पावसात भिजत बाहेरून वर चढून आपल्या खोलीत जाणार. आम्हीही भिजत गेलो. आत मात्र एकदम वेगळं जग, भिंतींना लाकडी पॅनेल्स आणि शेकोटीच्या वर छतापर्यंत गच्च कोरीवकाम, सगळं सतराव्या शतकातलं, पूर्वी म्हणे भडक रंगवलेलं होतं. आणि शेकोटीच्या भिंतीत छोट्या झरोक्यांसारखी भोकं, तिथून खालचा हॉल दिसतो. नोकर काय करतायत, पाहुणे काय बोलतायत, बसल्या जागी सगळं. लेकीने तिथून खाली उभ्या असलेल्या तिच्या बाबाला हाका मारल्या, तो बिचारा चहूकडे बघत राहिला.

आता हे बांधलं कुणी. लॉरेन्स ऑफ लडलो, लोकरीचा व्यापारी, त्या काळातल्या इंग्लंडमधल्या सगळ्यात धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक. १२८१ मध्ये त्याने ही जागा घेतली. १२९१ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाकडून तटबंदी करायचा परवाना मिळवला, कारण परवान्याशिवाय घराला किल्ल्यासारखे दाते लावता यायचे नाहीत, आणि व्यापाऱ्याला असा परवाना मिळणं म्हणजे समाजात वर चढल्याचा शिक्काच. राजाला तो कर्जंही द्यायचा. मग फ्रान्सशी युद्ध आलं, राजाला पैसा हवा होता, लोकरीवर जबर कर बसला आणि त्यात लॉरेन्सचा हात होता. कर शेवटी कुणाच्या खिशातून? लोकर विकणाऱ्यांच्या. १२९४ च्या नोव्हेंबरात तो लोकर भरलेल्या जहाजातून जाताना बुडाला. एका मठाच्या बखरीत संन्याशांनी लिहून ठेवलंय की लोकरवाल्यांचं वाईट केलं म्हणून लोकरीच्याच जहाजात बुडून मेला. मठही मेंढ्या पाळायचे आणि लोकर विकायचे हो, त्यामुळे या वाक्यात भक्ती किती आणि खिशाची जळजळ किती हे ओळखणं अवघड नाही. म्हणजे एवढं हौसेने बांधलेल्या घराचं सुख त्याला जेमतेम काही वर्षं मिळालं.

पुढे त्याच्या वंशजांकडे ते दोनशे वर्षं राहिलं, मग हात बदलत गेलं, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. कारण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हे घर कुणालाच राहायला नको होतं. मालक लांब, जागा शेतकऱ्याला भाड्याने. ज्या हॉलमध्ये आम्ही माना मोडून उभे होतो त्याचं कोठार झालं, धान्याची पोती. दक्षिण मनोऱ्याच्या तळघरात लोहाराची भट्टी, आणि पिंपं बनवणारा कारागीरही होता. एकदा मनोऱ्यात आगही लागली. ऐकायला वाईट वाटतं. पण विचार करा, त्याच काळात जिथे पैसेवाले राहत होते तिथे हॉलमध्ये मजले टाकले, चुन्याची नक्षीदार छतं केली, टोकदार खिडक्या काढून चौकोनी बसवल्या, बिलियर्डची खोली काढली. पोत्यांना यातलं काही लागत नाही. छप्पर गळू नये एवढंच लागतं.

मग फ्रान्सिस स्टॅकहाऊस ॲक्टन नावाच्या एका स्थानिक अभ्यासू बाई मागे लागल्या आणि मालकांकडून डागडुजी करून घेतली. १८६९ मध्ये ते विकत घेतलं जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट याने. धंदा हातमोज्यांचा, पैसा अमाप. त्याने काय करावं? जुन्या घराची नीट दुरुस्ती केली, फार सजवलं नाही, आणि स्वतःला राहायला पलीकडे एक नवीन प्रचंड हवेली बांधली, स्टोक्सी कोर्ट. बाबा यावर म्हणाले, "याला म्हणतात शहाणा बिल्डर." नवऱ्याचं म्हणणं असं की हातमोजेवाल्याला जुन्या घरात थंडी वाजत असणार, बाकी काही नाही. दोन्ही खरं असू शकतं. आता घर इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे आणि ते रिकामंच ठेवलंय, हे मला फार पटलं. फर्निचर ठेवलं असतं तर सगळ्यांनी खुर्च्या बघितल्या असत्या.

दक्षिणेकडच्या मनोऱ्यावर चढलो, जिना अरुंद, आईने खालीच बसणं पसंत केलं. वरून सगळं खोरं दिसतं, मागे झाडांची टेकडी, बाजूने रेल्वे लाईन. तेवढ्यात दोन डब्यांची गाडी गेली आणि लेकीला मनोऱ्यापेक्षा तीच जास्त आवडली.

शेजारचं चर्च चुकवू नका. १६४५ च्या गडबडीत त्याची पार मोडतोड झाली होती आणि १६५४ मध्ये परत बांधलं. यादवीनंतरच्या, राजा नसलेल्या त्या काळात चर्च बांधायच्या भानगडीत फार लोक पडलेच नाहीत, म्हणून हे दुर्मिळ. आत दारं असलेले लाकडी बाक आहेत, छोट्या खोलीसारखे, आत बसून दार लावून घ्यायचं. चर्चच्या फाटकाबाहेर बाकावर बसून पुऱ्या खाल्ल्या. स्वयंसेवक आजोबा सुट्टीत तिथूनच चालले होते, आईने त्यांना हाक मारून पुरी-चटणी दिली. त्यांनी चटणीत पुरी जरा जास्तच बुडवली. डोळ्यांत पाणी आलं पण मागे हटले नाहीत, दुसरीही घेतली.

संध्याकाळी लडलोचं सेंट लॉरेन्स चर्च बघितलं, भलंमोठं, लोकरीच्याच पैशाचं. तिथे गायकांच्या आसनांखाली कोरलेली लाकडी चित्रं आहेत, आसन वर उचललं की दिसतात. एकात दारू मापात मारणाऱ्या बाईला सैतान नरकात घेऊन चाललाय. सगळ्यात पुढे बघत उभी होती आईच.

रविवार

आज उन्हं. सामान गाडीत टाकून ब्रॉमयार्डच्या दिशेने, लोअर ब्रॉकहॅम्प्टन. हे हेरेफर्डशायरमध्ये, नॅशनल ट्रस्टचं. साधारण सहाशे वर्षांपूर्वीचं लाकडी चौकटीचं मॅनर हाऊस, भोवती पाण्याचा खंदक, खंदकावर एक वाकडंतिकडं लाकडी गेटहाऊस ज्याचे फोटो कॅलेंडरवर असतात. खंदकात बदकं. लेक आणि आई दोघींनी जाहीर केलं की कालच्यापेक्षा हे शंभरपट छान.

दिसायला सुंदर आहे हे मान्य. इथे खोल्या वेगवेगळ्या काळातल्या सजवून ठेवल्यात, एक जुन्या काळातली, एक पुढच्या पिढीतली, असं करत विसाव्या शतकापर्यंत. टेबलावर भांडी, खाटेवर गोधड्या, लहान मुलांना हात लावायला वस्तू. घरात माणसं होती हे लगेच कळतं. पण बाबा दोन खोल्यांनंतर बाहेर येऊन बसले. म्हणाले, "हे त्यांनी दाखवलंय ते बघायचं. काल आपलं आपण बघत होतो." मला काय म्हणायचं होतं ते त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. आईचं उत्तर तयार होतं, "तुम्हाला काय, तुम्हाला रिकामी गोडाऊनं बघायला आवडतात, जन्मभर तेच केलंत."

भोवती डॅमसनच्या बागा आहेत, डॅमसन म्हणजे छोटे आंबट आलुबुखार. दुकानात त्याचा जॅम मिळाला, दोन बाटल्या घेतल्या. परतीला मोटरवेवर बँक हॉलिडेची गर्दी, त्याबद्दल न बोललेलं बरं.

कुणाला जायचं असेल तर : गाडी नसली तरी स्टोक्सी जमतं, क्रेव्हन आर्म्स स्टेशनवर उतरा, दीड-एक किलोमीटर चालत. लडलोहून ट्रेनने दहा मिनिटंही लागत नाहीत. हिवाळ्यात उघडण्याचे दिवस कमी असतात, वेबसाईट बघून निघा. इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या वेगळ्या संस्था आहेत, एकीचं मेंबरशिप कार्ड दुसरीकडे चालत नाही, दारात वाद घालणारं कुणी ना कुणी नेहमी असतंच. गुडघे दुखत असतील तर दक्षिण मनोरा सोडा, हॉल आणि सोलार पुरेत. सोबत जाड स्वेटर घ्या, ऑगस्ट असला तरी, त्या हॉलमध्ये ऊन पोचत नाही. आणि कुकर नेऊ नका, आमचा डिकीतून बाहेरही निघाला नाही.